वाटेत नागपूर

कूलरसमोर कुणी जास्त वेळ रेंगाळलं, की रोशनी हमखास विचारायची, "कुठलं तिकीट पाहिजे?" नागपूरच्या सदरमधलं ते तिकिटांचं छोटंसं ऑफिस. मे महिन्यात निम्मी माणसं तिथे नुसती हवा खायला शिरत.

बुटांचं नवं खोकं हातात धरलेला तो तरुण गडबडला. आता काहीतरी विचारणं भाग होतं.

"गोंदियाहून जळगावले... विमानानं किती वेळ लागते?"

रोशनीने कॉम्प्युटरवर पाहिलं. "पावणेपाचशे किलोमीटर. तासाभराच्या आसपास."

"एवढंच? मग द्या एक तिकीट!"

"पण विमानच नाही ना. हा नुसती सरळ रेघ मारते अन् वेळ सांगून देते."

"म्हणजे फेकून राहिला तुमचा कॉम्प्युटर!" तो हसला. तिलाही उगीचच हसू आलं.

त्याचं नाव प्रशिक. गोंदियाच्या विमानतळावर तो अग्निशमन दलात होता आणि बढतीसाठी त्याने जळगावला बदली मागितली होती. पुढच्या मंगळवारच्या सुटीला तो लेस घ्यायला सदरला आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पॉलिश घ्यायला.

"गोंदियाले पॉलिश भेटत नाही काय?"

"भेटते ना. पण तिथं असा कूलर नाही..." त्याची नजर कूलरकडे मुळीच नव्हती.

ऑफिसच्या मालकीण इंदुताई चष्म्यावरून सगळं बघायच्या. "काहून वं रोशनी, मंगळवार आला की मोगरा माळतेस?" रोशनी कीबोर्डमध्ये तोंड खुपसायची.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तो आला, पण हसला नाही.

"बदली झाली. जळगाव. परवा निघायचं आहे... रेल्वेचं एक तिकीट काढून द्या."

रोशनीने कीबोर्ड पुढे ओढला. बदली त्यानेच मागितलेली; नको जाऊस म्हणणारी ती कोण? आता हा रात्रीच्या गाडीने नागपूरवरून झोपेतच पुढे जाणार, आणि मंगळवार संपणार. तिने पुन्हा एकदा ती सरळ रेघ उघडून पाहिली. रेघ जवळजवळ नागपूरच्या डोक्यावरून जात होती, कुठेही न थांबता. ती बराच वेळ टाइप करत राहिली.

"घ्या."

प्रशिकने वाचलं. "चूक झाली वाटते. हे तर दोन तिकिटं आहेत. सकाळी नागपूरले उतरायचं, अन् जळगावची गाडी एकदम संध्याकाळची? मधातला पूर्ण दिवस?"

"चूक नाही झाली." तिचे कान तापले होते. "तुम्ही नागपूरवरून असे झोपेत निघून जाल... ते मले नाही चालणार."

इंदुताईंना एकाएकी कूलरमध्ये पाणी भरायची आठवण झाली. त्या बादली घेऊन बाहेर गेल्या.

"रोशनी..." त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. "मी बुटांसाठी नव्हतो येत."

"माहीत आहे मले. पायात अजून जुनेच आहेत."

त्याने खाली पाहिलं, आणि आता कुठे तो मनापासून हसला.

"अन् जळगावहून नागपूर? किती वेळ लागते?"

तिचा हात सवयीने कॉम्प्युटरकडे गेला. त्याने स्क्रीनवर तळवा ठेवला. "त्याले नको विचारू. तू सांग."

"मंगळवार ते मंगळवार," ती म्हणाली. "उशीर नाही चालणार."