ठकूने निवडलेलं गाव

शनिवारची दुपार होती आणि मला डाळ निवडायला बसवलं होतं. पोराच्या घरात म्हाताऱ्याला तेवढंच काम. मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी. दुबईत अल क्वोजच्या मजूर-कॅम्पात उमर गेली, आता शारजात अल नहदाला सुदेशच्या फ्लॅटमध्ये पडून असतो. बाहेर धुळीचं वादळ होतं. समोरचे टॉवर पुसून टाकल्यासारखे झाले होते आणि खिडकीच्या फटीतून वारा बारीक आवाजात कण्हत होता.

टेबलाशी तिघं भांडत होती. माझ्या नातीला, मिहिकाला, अमेरिकेत मॅडिसन म्हणून गाव आहे तिथे कॉलेज मिळालं होतं. तिला सोडायला आईबाप निघाले होते. जातोच आहोत तर शिकागोला उतरून भाड्याची गाडी घेऊ, वाटेतली शहरं बघू, असा बेत. कुठली शहरं, यावर आठवडाभर डोकेफोड चालली होती.

सुदेश म्हणाला, "फायनल. शिकागो, सेंट लुईस, डी मॉइन, मग वर मिनियापोलिस. तिथे केवढा मोठा मॉल आहे! मग मॅडिसन. खलास."

"मॉल?" मी म्हटलं. "दुबईत कमी पडले तुला? उंटाला वाळू दाखवायला चाललायस."

"एक्झॅक्टली, आजोबा!" मिहिका म्हणाली. "त्यापेक्षा डुब्यूक. छोटंसं आहे, मिसिसिपी नदी आहे. इट्स सो प्रिटी."

"डुबूक? हे गावाचं नाव की विहिरीत पडलेल्या कळशीचा आवाज?"

माझी सून विनिता पण हसली, एरवी ती माझ्या बोलण्यावर हसत नाही.

मी जाणार नव्हतो. हृदयाच्या डॉक्टरने विमान बंद केलंय. पोरगी वर्षानुवर्षं परमुलखात एकटी राहणार आणि मी इथे डाळ निवडणार. तिच्याजवळ आपलं कोणीतरी असावं, एवढं एकच मला आतून कुरतडत होतं.

"आजोबा, ते तुमचं कौल का काय ते लावा ना. लेट गॉड डिसाइड," मिहिका म्हणाली.

आमच्या कोकणात देवाच्या ओल्या पाषाणावर पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची आधी पडली तर एक, डावीकडची पडली तर दुसरं. काम गुरवाचं, आणि विचारायचं देवाला. पण शोकेसवर ठकुबाईचा फोटो होता. माझी बायको. दोन वर्षांमागे याच फ्लॅटमध्ये गेली. मी म्हटलं, देवाला कशाला त्रास, हिलाच विचारू. जन्मभर हिच्याच मनासारखं झालंय.

देवाला विचारलं तर देव गाभाऱ्यातच राहतो. माणसाला विचारलं तर माणूस उठतं.

फोटोची काच ओली केली. पूजेतल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या लावल्या, उजवीकडे डुब्यूक, डावीकडे मिनियापोलिस. हात जोडले. "ठकू, पोरगी दूर चाललीय. वाट तू सांग. आणि जमलं तर... तिच्यासंगती जा."

डुब्यूक पडली.

"एसीची हवा," सुदेश म्हणाला.

विनिताने एसी बंद केला. मी दोन्ही पाकळ्या परत लावल्या. बाहेरचा वाराही थांबल्यासारखा वाटला. एक पाकळी काचेवरून सावकाश घसरली, चौकटीपाशी जरा थांबली आणि खाली आली. पुन्हा उजवीच.

तेवढ्यात विनिता हळूच म्हणाली, "बाबा... तुम्ही मशेरी भाजलीत?"

तव्यावर तंबाखू जळल्याचा तो वास. ठकू रोज सकाळी मशेरी लावायची आणि काळं बोट दाराच्या चौकटीला पुसायची. चाळीस वर्षं मी त्यावरून ओरडलो. ती गेली तेव्हा तिचा डबा मीच तिच्याबरोबर दिला होता. घरात मशेरी नव्हती.

मी कोणाला घाबरवलं नाही. मिहिकाला फक्त एवढं सांगितलं, "आपलं माणूस संगती घेतलं की वेशीवर, पुलावर त्याला सांगायचं असतं, नाहीतर ते मागे राहतं. प्रत्येक गाव आलं की म्हणायचं, आजी, गाव आलं, चल."

"प्रॉमिस," ती म्हणाली. तिला गंमत वाटली.

ती सगळी गेली आणि फ्लॅट रिकामा झाला. रिकामा म्हणजे कसा, सांगतो. दोन वर्षं मी त्या फोटोशी भांडत होतो आणि पलीकडे कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता भिंतीशी बोलल्यासारखं झालं. शेजारी तय्यब राहतो, तो जेवण आणून द्यायचा. म्हणायचा, "चाचा, आज बड़े चुप हो." मी म्हटलं, भांडायला माणूस नाही.

तिकडून रोज व्हिडिओ कॉल. शिकागोत मिहिका हसत म्हणाली, "आजोबा, गाडीत वास येतोय!" सेंट लुईसला सुदेशने काचा खाली केल्या, तरी येतच होता. डी मॉइनला विनिताने मागच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली, आईंना जागा हवी म्हणून. सुदेशने काचा परत वर घेतल्या. आईचा वास पोराला कळतो.

पण स्वभावाला औषध नाही. डी मॉइनमधून निघाल्यावर मिहिका मागे झोपली होती, तेवढ्यात सुदेशने गाडी मिनियापोलिसकडे वळवली. फोनवर मला म्हणाला, "दोन्हीला वेळ नव्हता, बाबा. डुब्यूकमध्ये काय ठेवलंय?"

मिहिका जागी झाली तेव्हा वास नव्हता.

तिला मॅडिसनला सोडून दोघं परत आली. मी फोटोकडे बघितलं. फोटोत कोणी नव्हतं. म्हणजे चेहरा होता, पण ठकू नव्हती. हे शिकलेल्या माणसाला समजावता येत नाही.

मिहिकाचा फोन आला, रडत होती. रूममध्ये झोप लागत नाही, जेवण जात नाही, परत यायचं म्हणते. "आजोबा, आजी इज अँग्री विथ मी?"

"ती रागवत नाही ग. ती थांबून राहते."

पहिल्यांदा ठकू दुबईला आली तेव्हा मी तिला एअरपोर्टच्या एका खांबापाशी उभी करून गेलो, म्हटलं थांब इथे. पासपोर्टाच्या भानगडीत मला दुपार झाली. परत आलो तर तशीच उभी. बाजूला खुर्च्या रिकाम्या. बसली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "तुमीच सांगितलात ना, थांब म्हणान."

"तिने गाव निवडलं होतं," मी मिहिकाला म्हटलं. "ती पुढे जाऊन उभी असेल. जा, घेऊन ये."

पोरगी गेली, एकटी, बस पकडून. तिकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण. मी फोटोपुढे निरांजन लावलं आणि फोन हातात घेतला. नदीकाठ दिसला. पाणी जाडं, मातकट, आमच्या खाडीसारखं. माणूस नाही. ओळीने बाकं, सगळी रिकामी.

"आजोबा, इथे कोणी नाहीये..."

"बाकावर बघू नको. खांब असेल बघ."

दिव्याचा एक खांब होता. फोन जवळ गेला. पांढऱ्या रंगावर, ठकूच्या उंचीला, काळं बोट पुसल्याची रेघ होती. एकाखाली एक, कितीतरी रेघा. जेवढ्या सकाळी ती थांबली, तेवढ्या.

मिहिकाने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजी... गाव आलं. चल ना. माझ्याकडे चल."

फोनमध्ये नुसता वारा. मग तिने नाक ओढलं. "आलाय, आजोबा. वास आलाय."

बस आली तरी तिने फोन बंद केला नाही. दार उघडलं, आणि गाडी हिस्स करत एका अंगाला झुकली, पायरी खाली आली. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी तशी उतरवतात म्हणे. मिहिका उडी मारून चढणारी. तिने सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर तिच्या मागे बघत होता आणि अदबीने म्हणत होता, "टेक युवर टाइम, मॅम."

आता पोरगी बरी आहे. जेवते, झोपते. रूममधली दुसरी मुलगी वासावरून कुरकुर करते, तिला मिहिकाने आजीची ओळख करून दिलीय. मी इथे एकटा, पण जिवाला स्वस्थता आहे. पोरीजवळ आपलं माणूस आहे.

फक्त परवा एक झालं. दुपारी डाळ निवडता निवडता वर बघितलं, तर फोटोची काच ओली होती. तिच्यावर शेवंतीची एक पाकळी. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर मधोमध. घरात महिनाभर शेवंती आणलेली नाही. विनिताला विचारलं, सुदेशला विचारलं. कोणी लावली नाही.

कौल एवढी वर्षं मी विचारला. आता ती विचारतेय, येताय की अजून थांबू.

काच अजून ओलीच आहे. विनिताला सांगून ठेवलंय, एसी तिकडे वळवू नको.