मिस्त्री गेले की गाडी बंद!

"झालं! पुन्हा बंद पडली!" पंडित ओरडला.

मावशीने चावी परत फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. मावशी जनावरांची डॉक्टर. टेकडीपलीकडच्या गोठ्यात एक गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. उशीर झाला तर दोघंही हाती लागणार नव्हती! सुट्टीला मावशीकडे आलेली भिंगरी गाडीच्या खिडकीशी धावली.

"कालच मिस्त्रींनी पाहिली ना?" तिने विचारलं.

"पाहिली, आणि पहिल्या झटक्यात सुरू केली!" काका वैतागले. "गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि घरी माझा अंत बघते!"

"बॅटरी गेली असणार," भिंगरीचा दादा, म्हणजे पंडित, म्हणाला. तो कुठल्याही विषयावर बोलायचा, म्हणून तर हे नाव पडलं होतं.

"दिवे बघ की! लख्ख लागलेत!" मावशी म्हणाली.

काका शेजाऱ्यांची गाडी मागायला फोन लावत बसले. कोणी उचलेना. भिंगरी मात्र विचारात पडली. गॅरेजमध्ये गाडी सुरू होते. रविवारी काकांनी धुतली, तेव्हाही झाली होती.

"काका, गाडी धुताना आधी काय करता?"

"हे काय विचारणं झालं? मॅट काढून झटकतो! नवी आणलीय, चांगली जाडजूड. जुनीवरच टाकलीय."

"आणि मिस्त्री?"

"त्यांचे बूट तेलकट. तेही मॅट काढूनच आत बसतात. भला माणूस!"

"सापडलं!" भिंगरी दुसऱ्या दाराने आत घुसली आणि मावशीच्या पायांपाशी डोकं घालून पालथी पडली. "मावशी, क्लच दाब!"

मावशीने पाय दाबला. पुढे सरकून गोळा झालेल्या मॅटवर क्लच मध्येच अडला.

"पूर्ण खाली जातच नाहीये!" भिंगरी ओरडली.

"अगं, मग बरोबर!" पंडितने उडीच मारली. "या गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही!"

"दादा, आज पहिल्यांदा कामाचं बोललास!"

भिंगरीने दोन्ही मॅट खेचून बाहेर भिरकावल्या. एक नेमकी काकांच्या पायावर पडली. मावशीने चावी फिरवली.

घर्रर्र!

"बसा रे सगळे!"

गोठ्यात पोचताच मावशी बाह्या सरसावून कामाला लागली. मुलं बाहेर जीव मुठीत धरून उभी राहिली. बराच वेळ नुसतं गाईचं कण्हणं ऐकू येत होतं. मग मावशीने हाक मारली. ओलंचिंब वासरू धडपडत उठत होतं आणि गाय त्याला चाटत होती.

मावशीने हात धुऊन मिस्त्रींना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून मोठ्याने हसणं ऐकू आलं. "डॉक्टरबाई, मी तर बिघाडच आधी उचलून बाहेर ठेवत होतो! मग सापडणार कसा? पोरीला शाबासकी द्या माझी!"

काका घसा खाकरून म्हणाले, "मॅट माझीच. चूक झाली बुवा!"

"भिंगरे, थोडा उशीर झाला असता ना," मावशी म्हणाली, "तर हे पिल्लू जगलं नसतं."

भिंगरी वासराजवळ बसली आणि हलकेच त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.