पाच मिनिटांचा लाड

“ते आधी बंद करा.”

प्रेमकथेत नायकाचं पहिलं वाक्य जरा बरं हवं होतं, पण बॅटरीवाला हेच म्हणाला, त्याला इलाज नाही. शेजारच्या घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला निघालेला तो धडधड ऐकून फाटकाशी थबकला होता. आत चाळीस वर्षांची, गोल दिव्यांची गाडी जागच्या जागी सुरू होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून तिच्यात बसली होती एक दातांची डॉक्टर.

“का बंद करू?”

“मारताय तुम्ही तिला.”

दिवसभर लोकांना रागावणं हा डॉक्टरचा पेशा. आपल्याला कुणी रागावलं तर काय करायचं, हे तिला शिकवलेलंच नव्हतं.

“माझ्या आत्याची गाडी आहे ही. आत्या गेल्यापासून दर रविवारी न चुकता पाच मिनिटं सुरू ठेवते मी.”

“आणि दर वर्षी नवी बॅटरी घेता.”

“...तुम्हाला कसं कळलं?”

“सुरू होताना गाडी जेवढं ओढते, तेवढं उभ्या उभ्या पाच मिनिटांत भरून निघत नाही. दर रविवारी थोडी थोडी उपाशी. लाडानं मेल्या बिचाऱ्या. एक तर अर्धा तास हिंडवा, नाहीतर बॅटरीची तार सोडवून झोपू द्या.”

एवढं बोलून तो शेजारी गेला. डॉक्टर जाम रागावली – आणि शेजारचं दार लागेपर्यंत बघत राहिली. रागावलेलं माणूस इतका वेळ बघत नाही, पण तिला सांगणार कोण.

त्याच दुपारी गाडीने मान टाकली. थोरल्या दादाला तेवढंच हवं होतं.

“पुढच्या रविवारी अकराला भंगारवाला येतोय. हिच्यापायी दोन स्थळं परत गेली तुझी.”

“मी घालवली ती. आधी गाडी विका, म्हणत होते दोघंही.”

“अकराला सुरू झाली नाही, तर जाईल.”

“आणि झाली तर?”

“तर चालवत बस तिला. म्हातारी हो.”

“होईन.”

सोमवारी ती बॅटरीवाल्याच्या दुकानात उभी. “सगळ्यात मोठी द्या.”

“मोठी घेतलीत तर बॉनेट लागणार नाही. खोबणीत घट्ट बसेल ती घ्यायची. सैल राहिली की हादऱ्यांनी आतून मोडते. आणि बनवल्याची तारीख बघायची. वर्षभर फळीवर पडून असलेली नवी नसते.”

“तुम्ही किती वर्षं आहात या फळीवर?”

“बारा.” तो तारीख शोधत होता. “कुणी तारीख विचारली नाही...”

डॉक्टर हसली नाही. तिनेही, काही गरज नसताना, तारीख शोधायला मान खाली घातली. त्याच्या बाहीला आम्लाचा वास, तिच्या बोटांना लवंगेचा. तारीख मोठ्या अक्षरात समोरच होती. दोघांना बराच वेळ सापडली नाही.

शनिवारी तो बॅटरी बसवायला आला. तारांच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली, ग्रीस लावलं. मग खिशातून एक डबी काढली.

“हा बारका चार्जर. लावून ठेवायचा. आपण होऊन भरतो, आपण होऊन थांबतो. चार वर्षं मला बोलवावं लागणार नाही.”

“मग नको.”

“बॅटरीच्या दृष्टीने हेच उत्तम –”

“मी बॅटरीचं बोलत नाहीये.”

त्याने पाना खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरला...” तो पान्याला म्हणाला, “या आठवड्यात चार वेळा पाणी घातलंय मी. एकदा घातलं की तीन महिने पुरतं.”

“माहितीये. खिडकीतून दिसता तुम्ही.”

रविवारी अकराला भंगारवाला आला, दादा आला, बॅटरीवालाही आला. डॉक्टरने किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. तिने पलीकडचं दार उघडलं.

“बसा.”

“सगळे बघताहेत...”

“बघू देत.”

तो बसला. दादा खिडकीशी आला. “हा कोण? आणि कुठे निघालीस याच्याबरोबर?”

“स्थळ आहे,” ती म्हणाली. “मी आणलेलं. याला मी गाडीसकट चालते.”

बॅटरीवाल्याचे कान लाल झाले, पण त्याने मान हलवली. चांगली ठळक हलवली.

भंगारवाल्याने आपणहून फाटक उघडून दिलं. दादा मागून बरंच काही बोलत होता म्हणतात. पण जुन्या गाडीत इंजिनापुढे बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि डॉक्टरने काच वर घेतली होती.