ढिगावरचं मीठ

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलेलं आहे, आणि माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत घडलेलं आहे.

भुतं रात्रीच भेटतात, हा समजही आधी डोक्यातून काढून टाका. हे सगळं पौषातल्या लख्ख उन्हात झालं.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मुळशीत घोटावड्याच्या पुढे तेव्हा एक चुन्याची भट्टी होती. माझे आईवडील, कमळ आणि सावळ्या, तिथे मजुरीला आले होते. मी आईच्या पोटात. गोष्ट तेव्हाची, म्हणून दोघांना नावानंच सांगतो.

भट्टीमागे दगडी कोळशाच्या चुरीचा भलामोठा ढीग होता. वरून थंड, आतून वर्षानुवर्षं धुमसणारा. भेगांतून धूर यायचा आणि भेगांच्या कडेला पांढरी खपली धरायची.

एक दिवस खोपीतलं मीठ संपलं. बाजार लांब, पौडला. सावळ्या बाहेर गेला आणि मूठभर पांढरं घेऊन आला.

"ढिगावर एक म्हातारा बसलाय. कुशाबा म्हनं. त्यानं दिलं."

"जळक्या काडीगत वास येतुया," कमळ म्हणाली.

"पांढरं हाय, खारट हाय. मंग मीठच की!"

त्यानं भाकरीला लावून खाल्लं. कमळनं तोंडाला लावलं नाही. उरलेलं पदराच्या गाठीत बांधून ती शेजारच्या कोंडाबाईला दाखवायला गेली.

गाठ सोडली...

आत काहीच नव्हतं. नुसता पदर ओला.

"कुनी दिलं म्हनलीस?" कोंडाबाईचा चेहरा उतरला. "अगं, कुशाबा हितला राखणदार. गेल्या पावसाळ्यात ढीग खचला, त्यो आत गेला. हाडूकबी घावलं न्हाई."

कमळ भ्याली. पण बाई धीराची. त्याच दुपारी नवऱ्याचा हात धरून ती माहेरी, कोळवणच्या वाटेला लागली.

ओढ्यापर्यंत आले...

सावळ्याच्या बोटांतून पाणी ठिबकायला लागलं.

एवढी थंडी, आणि सदरा पिळून काढावा असा. कमळनं मनगट घट्ट धरलं. ते तिच्या मुठीत बारीक होत चाललं होतं.

"कमळ... म्या इरघळाया लागलोय."

ती तशीच मागे फिरली. ढीग जवळ आला तसा सावळ्या वाळत गेला. वर चढून बसला तेव्हा पार कोरडा.

पुढे मला एका प्राध्यापकांनी सांगितलं, जळत्या कोळशाच्या ढिगावर असला क्षार खरंच धरतो. धगीला कोरडा राहतो, लांब नेला की हवेतली ओल ओढून घेतो. क्षाराचं ठीक आहे हो, सर. माणसाचं काय?

कोंडाबाईनं एवढंच सांगितलं, "ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं लागतंय. आता ह्यो जागंल. दुसरं कुनी ह्याच्या हातचं खाईस्तवर."

आणि तो जागलाच. डोळ्याला डोळा नाही. कमळ रोज भाकरी न्यायची, तो खाली मान घालून खायचा.

एक दिवस त्यानं मूठ पुढे केली.

"जरा मीठ घे की, कमळ..."

म्हणताना तो रडत होता. हात मात्र मागे घेत नव्हता.

ती धावत सुटली. खोपीत येऊन तिनं मधे बाजारातून आणलेलं चांगलं मीठसुद्धा बाहेर फेकलं. स्वयंपाकात कणभर टाकेना. भ्यालेली बाई, काय करणार!

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ मंगळ्या भेटायला आला. तिनं फडक्यात भाजीभाकरी बांधून त्याच्याकडे दिली.

"दाजीला दे. तितलं काई खाऊ नगंस. माजी आन हाय."

"व्हय आक्का," म्हणत तो हसत गेला.

ऊन कललं. मंगळ्या आला नाही.

मग दारात पाऊल वाजलं...

सावळ्या! कोरडा ठणठणीत. कमळनं त्याचे हात चाचपले, तोंड चाचपलं. आनंदानं तिला रडू आवरेना.

मग तिनं त्याच्या मागे पाहिलं. वाटेवर कुणीच नव्हतं.

"आवं... मंगळ्या कुटं हाय?"

सावळ्या घोंगडीवर टेकला. त्याचे डोळे मिटत होते.

"दोगंबी जेवाया बसलो. त्यो म्हनला, दाजी, आक्कानं भाजी अळणी केलीया. मीठ हाय का..."

बोलता बोलता तो झोपी गेला.

कमळ ढिगाकडे पळाली. मंगळ्या वर बसला होता. त्यानं मूठ पुढे केली.

ती खाणार होती. आई हे शपथेवर सांगायची. तिनं हातही पसरला होता... आणि मी पोटात हललो.

ती परत आली.

बा पुढे आयुष्यभर रोज रात्री गाढ झोपायचा. आईला झोप कशी ती लागली नाही. मंगळ्याला न्यायला कोळवणहून माणसं आली, तेव्हा त्यांना ढिगावर कुणी दिसलं नाही. आई म्हणायची, तो तिथंच जागा आहे.

भट्टी कधीच बंद पडली. ढीग अजून धुमसतो म्हणतात. लोक मला विचारतात, एकदा बघून का येत नाहीस?

जाईन हो. पण मामानं हात पुढे केला, तर भाच्यानं नाही कसं म्हणायचं?