चौथी तार

ओट्यावरची वाटी पडली. आधी ठण्ण, मग फरशीवर गोल फिरत राहिलेली किणकिण, आणि शेवटी एक बारीकशी थरथर. दुपारच्या शांततेत स्टीलच्या एका वाटीचं एवढं सगळं ऐकू येतं. शलाकाने मांडीवरची बास गिटार तशीच धरून पलंगाकडे पाहिलं. पर्णीने कूस बदलली, तोंडातून सुटलेला अंगठा चाचपून पुन्हा तोंडात घातला, आणि झोपली.

वाटीला कोणी धक्का दिला नव्हता. मिरजेत भांडी आपोआप सरकत सरकत ओट्याच्या कडेला येतात आणि पडतात. नदीपलीकडे अकरा शोषमनोरे उभे आहेत. हवेतला कार्बन ओढून घेऊन जमिनीखाली पुरणारे हे उंच मनोरे आता प्रत्येक गावाच्या वेशीवर असतात, आणि त्यांच्या पोटातले पंखे कधीही थांबत नाहीत. थांबले, तर उन्हाळ्यात माणसं मरतील हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कोणी तक्रार करत नाही, भांड्यांखाली रबराची चटई घालतात. शलाका आज चटई घालायला विसरली होती.

त्या पंख्यांच्या आवाजाला लोक नुसतं ‘घूं’ म्हणतात. तो इतका खालच्या पट्टीतला आहे की भिंती त्याला अडवू शकत नाहीत, उशीत डोकं खुपसलं तरी तो हाडांतून येतो. शलाका एकतीस वर्षांची होती आणि सात वर्षं झोपेची गोळी घेत होती.

पर्णीला गोळी लागत नव्हती. तिच्यासाठी ही दुपार खरोखरच शांत होती.

कारण पर्णीला सुई दिलेली होती. सरकारी कागदावर तिचं नाव ‘मंद्ररोध’. घरोघरी म्हणतात कानाची सुई. बाळ चाळीस दिवसांचं झालं की दोन्ही कानांच्या आत खोलवर जेलचा एकेक थेंब सोडतात आणि त्यानंतर बाळाला खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, पाखरं ऐकू येतात, पडलेली वाटी ऐकू येते. फक्त घूं जातो. बाळ झोपतं, दूध पितं, वजन धरतं. कान टोचताना आई तोंड फिरवून उभी राहते, तशी शलाकाही तेव्हा उभी राहिली होती. कागदावर सही तिचीच होती.

त्याच कागदावर खाली एक ओळ होती: ‘पालकांची इच्छा असल्यास वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत जेल विरघळवता येईल.’ तो विरघळवण्याचा फॉर्म सहा आठवडे फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होता. पर्णी चार वर्षं आठ महिन्यांची झाली होती. फॉर्म भरला तर पोरीच्या वाट्याला मेघांचा गडगडाट येणार होता, आईची बास गिटार येणार होती, आणि त्यासोबत जन्मभराचा घूं. शलाका रोज पेन काढायची आणि भाजीचा हिशेब लिहून ठेवून द्यायची.

पर्णी झोपली की तिला तास-सव्वा तास मिळायचा. त्यातला निम्मा ती खर्जकट्ट्यावर घालवायची. खर्ज म्हणजे सर्वांत खालचा सूर. तो प्रेमाने वाजवणाऱ्या पाच-सहाशे बासवाल्यांचा हा ऑनलाइन कट्टा, आणि नव्याने येणाऱ्यांचं स्वागत करणं हे शलाकाचं काम. कोणी नेमलं नव्हतं, पडलं होतं अंगावर.

“ये, बस. आधी नखं काप,” असं ती प्रत्येकाला लिहायची. “पहिले पंधरा दिवस बोटांची टोकं दुखतील, मग घट्टे पडतील, मग तू आमच्यापैकी. आणि एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेव. बास वाजवणं म्हणजे निम्मं थांबवणं. सूर काढणं कुणालाही जमतं. नको तेव्हा त्याच्यावर बोट ठेवून त्याला गप्प करणं, हे शिकायला वर्ष जातं.”

आज नवी मुलगी आली होती.

“नमस्कार. मी संघमित्रा वाघमारे, नांदेड, वय एकोणीस. तीन आठवडे शिकतेय. माझी चौथी तार वाजत नाही. पहिली बरी गाते, दुसरी-तिसरीचा आवाज बारीक होत जातो आणि चौथी, सगळ्यात जाड, नुसती टक टक करते. दोनदा बदलली. दुकानदार म्हणतो तार चांगली आहे, तुझ्याच हातात काही नाही. तसं असेल तर तसं सांगा. मी गिटार परत करीन.”

खाली सल्ल्यांची रांग लागली होती. कुणी म्हणे वायर बघ, कुणी म्हणे पिकअपचा स्क्रू वर घे. वसईच्या डॉम्निकने लिहिलं होतं, “गिटारवाल्यांकडे सहा तारा, एक संपावर गेली तरी त्यांचं लग्न लागतं. आपल्याकडे चारच गं बाई. तिला समजावून कामावर आण.”

शलाका हसली. मग संघमित्राचं ‘मित्रा’ करून तिने लिहिलं, “मित्रा, एक मिनिट वाजवून रेकॉर्ड करून पाठव. चुका होऊ देत.”

रेकॉर्डिंग लगेच आलं. शलाकाने हेडफोन लावले.

ताल सुरेख होता. तीन आठवड्यांच्या मानाने फारच सुरेख. आणि चौथी तार वाजत होती. चांगली दणदणीत वाजत होती. पण सुरात नव्हती, एक-दीड स्वर खाली लोंबकळत होती. शिवाय मित्रा तिला कधीच थांबवत नव्हती. तार एकदा छेडली की ती पुढच्या सगळ्या सुरांवर चिखलासारखी पसरत राहायची आणि मुलीचा हात तिच्यावरून निर्धास्त पुढे जायचा. वरच्या तारांच्या सुरांना मात्र ती वेळेवर, हलक्या बोटाने थांबवत होती. थांबवायचं तिला कळत होतं.

जे ऐकू येत नाही, ते कोण थांबवेल?

शलाकाने हेडफोन काढले. घूं पुन्हा कानात येऊन बसला. मुलगी एकोणीस वर्षांची. सुई सुरू होऊन वीस वर्षं झाली.

तिने उपळेकर सरांना फोन लावला. डॉ. भास्कर उपळेकर पुण्याला असतात, वय त्र्याहत्तर, कट्ट्यावरचा सर्वांत जुना हात. कानाच्या आत काय चालतं यावर त्यांनी जन्म घालवला, आणि मंद्ररोध बनवणाऱ्या चमूत ते होते, हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, हेही.

“सर, त्या नांदेडच्या मुलीचं ऐकलंत?”

“ऐकलं.”

“तार चांगली आहे.”

“हो. या महिन्यातली तिसरी आहे ती. आधीच्या दोघांनी मला एकट्याला विचारलं होतं.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, बासरी घ्या. स्वस्त पडते.”

सरांनी घसा साफ केला. शिकवायला लागले की त्यांचा आवाज तरुण व्हायचा.

“हे बघ. कानाच्या आत एक शंख असतो. खराच शंखासारखा, अडीच वेढ्यांचा. बारीक, उंच आवाज त्याच्या दाराशीच ओळखले जातात. आवाज जितका खालचा, तितका तो आत जातो. खर्ज पार शेवटच्या वेढ्यात, टोकाशी. आम्ही फक्त ते टोक गोठवलं. बाकी शंखाला हात लावला नाही.”

“पण चौथ्या तारेत वरचे सूरही असतात ना? तुम्हीच सांगितलं होतं, प्रत्येक सुराच्या डोक्यावर त्याची पिल्लं असतात म्हणून. ती तरी ऐकू यायला हवीत.”

“येतात. टक टक म्हणते ना ती, तीच पिल्लं. तुला साध्या फोनच्या स्पीकरवर बास ऐकवला, तर तिथेही खालचा सूर जवळपास नसतोच. तुझा मेंदू पिल्लं बघून आई कुठे असेल ते ओळखतो आणि तुला सूर ऐकू आल्यासारखा वाटतो. पण तुझ्या मेंदूनं आई पाहिलेली आहे. या मुलांनी चाळीस दिवसांच्या पुढे ती पाहिलेलीच नाही. ती ओळखणार कशी?”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. शलाकाने मनातलं शेवटी विचारलं.

“सर, मी फॉर्म भरायचं ठरवतेय. पर्णीचा. पाच पूर्ण व्हायला चार महिने आहेत.”

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“सर?”

“पाच हे कागदावर आहे, शलाका.”

“म्हणजे?”

“जेल कधीही विरघळतं. उद्या त्या नांदेडच्या मुलीचंही विरघळेल. पण मेंदूतली ती जागा रिकामी राहत नाही. शेजारचे आवाज तिथे राहायला येतात. एकदा आले की उठत नाहीत. मग कानात खर्ज पोहोचतो, ऐकणारं कोणी नसतं.”

“किती दिवसांत येतात?”

“दीड वर्ष. फार तर.”

शलाकाने पलंगाकडे पाहिलं. पर्णीची छोटी पावलं चादरीबाहेर आली होती.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“पहिल्याच चाचण्यांत.”

“मग पाच का लिहिलंत?”

“मी नाही लिहिलं. मी काही बोललो नाही, इतकंच. दीड लिहिलं असतं तर आया महिने मोजत बसल्या असत्या. पाच लिहिलं की माणूस म्हणतो, बघू पुढे. आणि बघू पुढे म्हणणाऱ्याची सही लगेच मिळते. तू तेव्हाचे वॉर्ड पाहिले नाहीस गं. पोरं झोपत नव्हती. दोन दोन महिन्यांची पोरं, डोळे टक्क उघडे. आम्हाला त्या सह्या हव्या होत्या.”

मग तेच पुढे म्हणाले, “इतकी वर्षं झाली, कट्ट्यावर मी एकाही नव्या मुलाचं स्वागत केलेलं नाही. तुझ्या लक्षात आलं होतं?”

आलं नव्हतं. तिला वाटायचं, सरांना टाइप करायचा कंटाळा आहे.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फ्रीजवरच्या कागदाकडे पाहत राहिली. सहा आठवडे आपण ठरवतोय असं ती समजत होती. ठरून तीन वर्षं झाली होती.

आणि मग तिला चाळिसावा दिवस आठवला. दिवस नव्हे, त्यानंतरचा आठवडा. त्याआधी पर्णी कितीही रडत असली तरी छातीशी धरली, डोकं डाव्या बाजूला टेकवलं, की निवायची. हमखास. सासूबाई म्हणायच्या, पोरीला आईचं ठिकाण बरोबर सापडतं. सुईनंतर ते ठिकाण चालेनासं झालं. शलाका तिला तशीच धरायची आणि पर्णी मान मागे टाकून रडायची, काहीतरी शोधत असल्यासारखी डोकं इकडून तिकडे घासायची. पोट दुखत असेल म्हणाले सगळे. ओव्याचा शेक दिला, हिंग लावला. पंधरा दिवसांनी तिने शोधणं सोडलं आणि अंगठा तोंडात घातला.

काळजाचे ठोके खर्जातच असतात. कुठल्याही बासपेक्षा खाली. नऊ महिने ती त्यांच्यात राहिली होती आणि एका सकाळी ते थांबले होते. चाळीस दिवसांच्या जिवाला त्याचा अर्थ काय वाटला असेल, हे विचारायला आता उशीर झाला होता.

शलाकाने फोन उचलला. मित्राच्या प्रश्नाखाली डॉम्निकची आणखी एक थट्टा येऊन पडली होती. तिने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं.

“मित्रा, ये, बस. तुझी तार चांगली आहे आणि तुझ्या हातातही काही कमी नाही. ती वाजते, मी ऐकली. तुला ती ऐकू येत नाही, कारण तू लहान असताना कानाची सुई दिलेली आहे. ज्यांनी दिली त्यांना वाटलं होतं की त्यात तुझं काही जात नाही. ते आता परत आणता येत नाही, हे मला आजच कळलं. गिटार परत करायची असेल तर कर, कोणी नावं ठेवणार नाही. ठेवायची असेल तर असं कर. गिटारच्या वरच्या शिंगावर, त्या पुढे आलेल्या टोकावर, हनुवटी टेकव आणि चौथी तार छेड. दाताला जे लागेल तो तिचा सूर. सुरात लावताना काट्याच्या ट्यूनरकडे बघ, डोळ्यांनी लाव. आणि ती वाजल्यावर प्रत्येक वेळी बोट ठेवून थांबव. तुला नाही कळलं तरी ती चालूच असते. ताल तुझा सुंदर आहे. तीन आठवड्यांत माझा एवढा नव्हता.”

पाठवलं. मित्रा वाचत असल्याची खूण दिसली, लिहीत असल्याची दिसली, मग गेली. शलाका वाट पाहत राहिली. काही आलं नाही.

“आई, वाटी पडली?”

पर्णी उठून बसली होती. गालावर उशीची घडी उमटली होती.

“कधीची पडली. तू झोपली होतीस.”

“मला माहितीये. मी ऐकत ऐकत झोपले होते.” ती उतरून आली आणि गिटारच्या पलीकडून आईच्या कुशीत शिरली. तिचं कपाळ लाकडाला टेकलं. “वाजव ना.”

“तुला ऐकू येत नाही त्यातलं सगळं.”

“टिकटिक येते की. वाजव.”

शलाकाने चौथी तार छेडली. थांबवली नाही. सूर खोलीभर पसरला, घूंच्याही खाली गेला, तिच्या पोटात उतरला. पर्णीने डोळे मोठे केले आणि कपाळ लाकडावर आणखी दाबलं.

“हलतंय.”

“हो.”

“आत कोणीतरी आहे.”

“कोणी नाही गं. तार आहे.”

पर्णीने कपाळ काढून आईच्या छातीला लावलं, डाव्या बाजूला, बरोबर जागेवर, आणि श्वास रोखून ऐकत राहिली. पुष्कळ वेळ. शलाकाने तिच्या केसांवर हात ठेवला.

“इथे तर काहीच नाही,” पर्णी म्हणाली. तिने मान वर केली. गेल्या महिन्यात आत्याच्या पोटातल्या बाळाबद्दल तिला कळलं होतं, तेव्हापासून ती सगळं पोटातल्या गोष्टींना नेऊन जोडायची.

“आई, मी तुझ्या पोटात होते ना, तेव्हा मला काय ऐकू यायचं?”