एलिएसेरचा कोपरा

बास्केटबॉलच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाआधी एक काम तेवढं राहिलं होतं. आमाउरीनं सुताराला बरोबर घेऊन ते भरदुपारीच उरकायचं ठरवलं. जुन्या हॉलच्या लाकडी जमिनीचा डावा कोपरा कापून काढायचा आणि नव्या हॉलच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन बसवायचा.

पुएर्तो सालादो गावात या कोपऱ्याची महती कुणाला सांगावी लागत नाही. चक्रीवादळानं त्या हॉलचं छप्पर दोनदा उडवून नेलं, पेलिकानोस संघाचे मालक बदलले, पण कोपरा तसाच राहिला. तिथं चेंडू उसळत नाही. ओल्या वाळूत पडल्यासारखा पडतो आणि बसतो. पाहुण्या खेळाडूला रेटत रेटत तिथं न्यायचं आणि चेंडू बसला की पळवायचा, ही पेलिकानोसची खरी विद्या. बास्केटबॉल काय, सगळेच खेळतात! अशा वेळी अख्खा हॉल ओरडायचा, "घे रे त्याचा, एलिएसेर!"

कारण एलिएसेर तिथंच पडला होता. अंतिम सामन्यात, पळता पळता, छातीवर हात दाबून. आमाउरी तेव्हा त्याच्याच बरोबर खेळत होता. कुणी जखमी, कुणी पाच फाउल होऊन बाहेर गेलेला. बाकावर बदली म्हणून एकही माणूस उरला नव्हता. एलिएसेरला उचलून नेलं, उरलेल्या चौघांनी सामना जिंकला आणि तो गेल्याचं त्यांना करंडक हातात असताना कळलं.

आता आमाउरी संघाचा प्रशिक्षक होता, आणि रविवारी त्याचा एकुलता एक मुलगा यादिएल पेलिकानोसकडून पहिल्यांदा खेळणार होता. पोराचा पहिला सामना आणि हाताशी तो कोपरा नाही, हे त्याच्या जिवाला पटेना.

फळ्या गाडीत चढवत असताना समोरच्या घरातून एलिएसेरची आई, गाव जिला मानानं 'दोन्या' म्हणे ती दोन्या कार्मिन, चपला ओढत आली.

"कुठं नेतोस रे माझ्या पोराला?"

"नव्या घरी, दोन्या. तिथं एसी आहे!"

"चेष्टा पुरे." तिनं फळीवर हात ठेवला. "बदली आल्याशिवाय खेळाडू बाहेर येतो का कधी? तुम्ही त्याला बदली दिला नाहीत. तो अजून मैदानातच आहे. इथलं खेळणं थांबलं, आता जरा टेकेल म्हटलं… तर तू त्याला परत खेळायला नेतोस."

आमाउरीला वाईट वाटलं. म्हातारीचं डोकं दुःखानं फिरलंय, असंच तो समजला. "रविवारी या," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत तुमची खुर्ची." तिच्या कपाळाचा मुका घेऊन त्यानं गाडी सुरू केली.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. ढोल, भोंगे, तळलेल्या केळ्यांचा वास. नव्या जमिनीतही कोपरा इमानदारीनं वागला. पाहुण्यांचे दोन चेंडू तिथं बसले आणि लोक वेडे झाले. यादिएल बाकावर पाय हलवत वाट बघत होता. तेवढ्यात वीज गेली.

या बेटावर वीज जाणं रोजचंच. लोकांनी वीजवाल्यांचा उद्धार केला, हसले. पण हॉलला एकही खिडकी नव्हती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला आणि हळूहळू हसणं विरलं. नव्या व्हार्निशचा वास जाऊन ओल्या लाकडाचा, जुन्या घामाचा वास यायला लागला.

मग भोंगा वाजला. बदली खेळाडूसाठी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावरून वाजतो तो. विजेवरचा.

शेजारी यादिएलच्या जाकिटाची चेन सरकली.

"बस खाली," आमाउरी म्हणाला. "वीज आलेली नाही."

"बदली मागितलाय, पप्पा…"

"कुणी?"

"तो बघा ना… छातीवर हात धरून उभाय… किती दमलाय तो… मलाच बोलावतोय…"

आमाउरीनं झडप घातली. हातात नुसतं जाकीट आलं. बुटांचा करकर आवाज डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथं टाळी वाजली, आत येणारा आणि बाहेर जाणारा खेळाडू देतात तशी. एकच.

दिवे लागले. यादिएल मैदानातून परत येत होता. घामानं निथळत, धापा टाकत, पण दोन पायांवर चालत. आमाउरीचा जीव भांड्यात पडला.

पोरगा बाकापाशी थांबला नाही. बापाला वळसा घालून पहिल्या रांगेकडे गेला आणि दोन्या कार्मिनसमोर गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला, "आशीर्वाद दे."

म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, कान, हनुवटी. मग त्याला उराशी धरून ती हुंदके द्यायला लागली. "किती रे उशीर केलास, बाळा… किती उशीर…"

"यादिएल!" आमाउरी जिवाच्या आकांतानं ओरडला.

पोरानं मान वळवली नाही.

"आलो, पप्पा…" डाव्या कोपऱ्यातून उत्तर आलं. तिथं कुणीच नव्हतं.