बिनचेंडूचा सामना

खिडकीतून तिला पहिल्यांदा दिसला तो आडवा पळणारा माणूस.

तालमीचा हॉल क्रीडासंकुलाच्या वरच्या मजल्यावर होता आणि खाली फुटबॉलचं मैदान. त्या संध्याकाळी मैदानात खेळाडू एकही नव्हता. बारीक पाऊस पडत होता, गवत ओलं होतं, आणि कडेच्या पांढऱ्या रेषेलगत एक माणूस एकटाच पळत होता – पुढे नाही, मागे नाही, बाजूला. एक पाय दुसऱ्याजवळ आणायचा, पुन्हा लांब टाकायचा. तोंड मैदानाकडे, मान ताठ, हातात छोटासा झेंडा. मध्येच थबकायचा... झेंडा ताडकन वर. मग खाली, आणि पुन्हा आडवी धाव.

"तो ना?" लंबू तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. लंबू म्हणजे तिच्या चमूतला सगळ्यांत उंच नर्तक. "लाइन्समन आहे. आम्ही त्याला खेकडा म्हणतो."

"तोंडावर?"

"छे! तो तोंड इकडे वळवतो कुठे?"

ती हसली, पण खिडकीतून हलली मात्र नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांनी बसवलेल्या नाचांत ती मागच्या रांगेत उभी राहिली होती. आता पहिल्यांदाच स्वतःचा नाच बसवायला मिळाला होता. विषयही तिनेच निवडला – फुटबॉल. रंगमंचावर अख्खा सामना रंगायचा, आणि त्यात चेंडूच नसायचा. चेंडू दिसायचा तो नाचणाऱ्यांच्या अंगांतून. कल्पना मनात होती तोवर फार सुंदर होती. तालमीत मात्र प्रत्येकाचा चेंडू वेगळ्याच ठिकाणी असायचा. एकजण उजवीकडे लाथ मारी, दुसरा डावीकडे अडवी. महिनाअखेरीला नाट्यगृहाच्या संचालकबाई बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर प्रयोग, नाही पटलं तर पुन्हा मागची रांग.

आई रोज विचारायची, "कसं चाललंय गं?" आणि उत्तराची वाटही न बघता म्हणायची, "छानच होणार." जुन्या गुरूंनी एकदा तालीम पाहिली. तेही म्हणाले, "छान." या शब्दाचा तिला आताशा रागच यायला लागला होता.

ती जिना उतरून खाली गेली. ओढणी डोक्यावर घेऊन रेषेजवळ उभी राहिली.

"काय करताय तुम्ही?"

तो दचकला. "सराव."

"कसला? मैदानात तर कुणीच नाही."

"आहेत की." त्याने मैदानाकडेच बघत उत्तर दिलं. "तो पलीकडचा बचावपटू जरा मागे राहिलाय. सगळा घोळ त्याच्यामुळे होणार आहे."

तिने पाहिलं. ओलं गवत, दोन रिकामे गोल, एक भिजलेला कावळा. आणि तरी क्षणभर तिला वाटलं, खरंच कुणीतरी मागे राहिलंय...

"वर येता का जरा?" ती म्हणाली. "आमचाही एक सामना आहे. त्यातही जे नाही ते दाखवायचंय. पण तुमच्याइतकं काही जमत नाहीये."

"नाचातलं मला काही कळत नाही हो."

"तेच बरंय. ज्यांना कळतं ते कौतुक करून घरी जातात."

तो आला. बूट दाराबाहेर काढले, ओल्या मोज्यांनी भिंतीकडेला जाऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. तालीम सुरू झाली. ती स्वतः आघाडीची खेळाडू होती. लंबू समोरच्या संघाचा शेवटचा बचावपटू. ती गिरकी घेऊन लंबूला चुकवत पुढे झेपावली, हात पसरले, आणि... भिंतीजवळ एक हात वर गेला.

सगळे थांबले.

"काय झालं?"

"ऑफसाइड," तो म्हणाला. आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले.

"अहो, चेंडूच नाहीये!" लंबू ओरडला.

"मी चेंडूकडे बघतच नसतो." तो जरा अडखळला. "म्हणजे... चेंडूवर आणि शेवटच्या बचावपटूवर एकदम डोळे ठेवता येत नाहीत. म्हणून पाय चेंडूला लागल्याचा आवाज ऐकायचा, आणि डोळे या लंबूंच्या रेषेवर ठेवायचे. आवाज येईल तेव्हा बाई यांच्या पुढे असतील, तर झेंडा वर. आता बाई आधीच पुढे होत्या. आवाज तर आलाच नाही."

"यांना माझं नाव कुणी सांगितलं?" लंबूने कुजबुजत विचारलं.

"सगळे त्याच नावाने हाक मारतायत," तो म्हणाला. "माझंही एक नाव ठेवलंय म्हणे तुम्ही."

लंबू छताकडे बघायला लागला. बाकीच्यांना हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. ती त्याच्या एकाच शब्दाशी अडली होती. आवाज.

त्याच संध्याकाळी तिने सगळं बदललं. चेंडू बघायचा नाही, ऐकायचा. पास देणाऱ्याने लाकडी जमिनीवर तळपाय आपटायचा – थप्प – आणि बाकीच्यांनी त्या आवाजाकडे वळायचं. पहिल्यांदा गोंधळ झाला. मग थप्प... थप्प... आणि माना एकदम वळल्या. सगळ्यांचा चेंडू एकाच जागी होता.

तिने भिंतीकडे पाहिलं. तो मान हलवत होता. "आता आला मैदानात," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो रोज यायला लागला. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा.

"लाइन्समन, आणि चष्म्याच्या दुकानात?" तिला हसूच फुटलं.

"मैदानात लोक ओरडतात ना, 'अरे, चष्मा लाव!' मी म्हणतो, दुकानात या, बघू कुणाला लागतो ते."

"खरंच म्हणता?"

"मनात."

तालीम संपली की दोघं बसथांब्यापर्यंत चालत जात. पाऊस असायचा, नसायचा. दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर सांडलेले असायचे. तो तिच्याशी बोलताना समोरच बघे. पण ती भरभर चालली की तोही भरभर, ती रेंगाळली की तोही रेंगाळे. चिखलाचं डबकं आलं की बरोबर तिच्यासोबतच बाजूला सरके.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "तुम्ही माझ्या पुढेही जात नाही, मागेही राहत नाही. रेषेवरची सवय का ही?"

"हो..." त्याने तिच्या पावलाशी पाऊल जुळवलं. "आधी सवय होती."

बस आली तेव्हा तिला वाटलं, आज फारच लवकर आली.

एकदा तिच्या चष्म्याची काडी सैल झाली. त्याने खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, दिव्याखाली चष्मा धरून काडी घट्ट केली, काचा रुमालाने पुसल्या आणि दोन्ही हातांनी अलगद तिच्या कानांवर चढवला. त्याच्या बोटांना ओल्या गवताचा वास होता.

"आता बघा. नीट दिसतंय?"

तो इतका जवळ होता की तिला काहीच नीट दिसत नव्हतं. "हो," ती म्हणाली.

संचालकबाई यायला थोडेच दिवस उरले, तेव्हा तिने मनातलं सांगितलं. "तुम्ही रंगमंचावर यायचं. कडेला. झेंडा घेऊन."

"मी? नाही हो!" तो खरंच घाबरला. "लाइन्समन कुणाच्या लक्षात राहिला नाही, तर तो सामना चांगला झाला म्हणायचं. लोकांनी बघावं असं माझ्यात काय आहे?"

"आहे."

"काय?"

"ते... सामन्याला तुम्ही हवे आहात." ती घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे नाचाला."

"हो हो. नाचालाच." त्याने मान डोलावली, आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "काय करायचं मी?"

"तुमचं काम. खरंखुरं. अभिनय नको."

तो दिवस आला. रंगीत तालीम नाट्यगृहातच ठेवली होती. संचालकबाई पहिल्या रांगेत, मागे घरची मंडळी, जवळच्या शाळेतली मुलं, लंबूच्या दोन आत्या. आई अगदी कडेच्या खुर्चीत. पडदा सरकला. थप्प... थप्प... सामना सुरू झाला. तो कडेच्या रेषेवर आडवा धावत होता आणि त्याच्याकडे खरंच कुणाचं लक्ष नव्हतं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. शेवटी ती गोल मारणार, संगीत टिपेला जाणार, दिवे मालवणार.

पण शेवट जवळ आला आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. एकदा हे पार पडू दे... पाय आपटल्याचा आवाज यायच्या आधीच ती निसटली. लंबूला मागे टाकून झेपावली, सुंदर झेपावली, आणि काल्पनिक जाळ्यात गोल मारून हात पसरून उभी राहिली.

कडेला झेंडा वर होता.

ती पुतळ्यासारखी उभी. संगीत संपून गेलं. दिवे चालवणाऱ्याला काही समजेना. त्याने दिवे तसेच ठेवले. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं.

तिच्या अंगाची लाही झाली. आज? आजच? ती तरातरा त्याच्याकडे चालत गेली आणि हात नाचवत, शब्दही न उच्चारता, भांडायला लागली. तिच्या मागोमाग तिचा संघ. लंबूचा संघ दुसऱ्या बाजूने, झेंड्याच्या बाजूचा. ढकलाढकली, ओढाओढी, कुणी जमिनीवर लोळण घेतलेली, कुणी आकाशाकडे हात केलेले. आणि मधोमध तो, झेंडा उंच धरून, खांबासारखा. फक्त कान लालबुंद. आधी मुलं हसली, मग लंबूच्या आत्या, मग सगळं प्रेक्षागृह.

त्या हसण्यात तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती वळली. आपल्या जागी जाऊन उभी राहिली. संगीत नव्हतं, मोजायला ताल नव्हता. लंबू तिच्या शेजारी, खांद्याला खांदा. ती थांबली. अख्खं नाट्यगृह थांबलं.

थप्प.

ती निघाली. आणि मग तिने पाहिलं – पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्या माना एकदम वळल्या. नसलेला चेंडू सगळ्यांना दिसला होता. तो गोलात गेला तेव्हा शाळेतली मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली.

संचालकबाई आत आल्या तेव्हा तिला अजून धाप लागलेली होती.

"झेंड्याची जागा फार नेमकी बसवली आहेस."

"बसवली नव्हती, बाई," ती खरं सांगून बसली. "मी चुकले."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे उद्या झेंडा वर जाईल की नाही...?"

"माहीत नाही."

"मग प्रयोग लावते," बाई म्हणाल्या. "मलाही रोज येऊन बघावं लागेल."

ती धावतच बाहेर आली. तो मागच्या बोळकंडीत बाकावर बसून बूट चढवत होता. झेंडा गुंडाळून बाजूला ठेवलेला. चेहरा असा, की परीक्षेत नापास झालेलं पोर बरं.

"मी जातो," तो म्हणाला. "सगळ्याचा विचका केला मी."

"थांबा. का उचललात झेंडा?"

"पुढे होतीस तू."

"किती?"

"पाऊलभर."

"कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "घरी जाताना तू विचारलं असतंस, कसं झालं. मी काय सांगणार होतो? तुझ्याशी एकदा खोटं बोललो की... पुढे फार वर्षं..." तो थांबला.

"पुढे फार वर्षं काय?"

"काही नाही."

"बोला ना!"

"पुढे फार वर्षं तू विचारशील," तो हळूच म्हणाला, "आणि मला दर वेळी खरं सांगायचंय."

बोळकंडीत कुठेतरी पागोळी टपटपत होती. तिला एकदम जाणवलं.

"मला 'तू' म्हणालात."

तो गोंधळला. "चुकून गेलं... माफ करा, तुम्ही –"

"पुन्हा 'तुम्ही' म्हणालास तर बघ!"

तो बघतच राहिला. ती बाकावर त्याच्या शेजारी टेकली. प्रयोग मिळाल्याचं सांगायचं होतं, पण ते आता नंतर सांगितलं तरी चालणार होतं.

"चल," ती म्हणाली. "आई बाहेर उभी आहे. मघापासून विचारतेय, तो झेंडेवाला कोण म्हणून."

"काय सांगणार तिला?"

"मी कशाला सांगू? तूच सांग. खोटं बोलता येत नाही ना तुला?"

त्याने एका बुटाची नाडी बांधली होती. दुसरी तशीच लोंबत ठेवून तो उठला.